बोलणी व चहा

४ नोव्हेंबर, सोमवार

पडले ते पडले, वर चिरंजीवांना सांगितलं! जिभेला हाड नाही म्हणतात ते असं.

सकाळी न्हाणीघरात पाय घसरला. गुडघा, कोपर आणि अब्रू — तिन्हींना मार. थोडा वेळ तशीच फरशीवर पडून राहिले. छताचा पोपडा निघालाय, ते त्यामुळे कळलं. मग नळाला धरून उठले, चहा केला, विषय संपला. पण रात्री आठच्या ठोक्याला त्याचा रोजचा फोन आला आणि मी गंमत म्हणून सांगायला गेले.

गंमत कसली! "समजा, उठता आलं नसतं तर?"

"उठले ना?"

"समजा म्हणतोय मी, आई."

'समजा'वरून घसरून आजवर कुणाचं हाड मोडलेलं नाही. पण त्याने धरलं ते धरलंच. शेवटी अट घातली — महिनाअखेरपर्यंत चार माणसं सांग. तुझ्याच जिन्यातली. तू दोन दिवस दिसली नाहीस तर दार ठोठावतील अशी. नाही सांगता आली, तर मी येतो आणि तुला इकडे घेऊन येतो. कायमची.

मी म्हटलं, चार? चाळीस सांगते!

फोन ठेवून बोटं मोजायला घेतली. करंगळीपाशीच अडले.

सूनबाईला दे म्हटलं तर म्हणे अंघोळीला गेलीये.

५ नोव्हेंबर, मंगळवार

मी कुठेही जाणार नाही. त्याचं घर अकराव्या मजल्यावर. तिथून माणसं मुंग्यांएवढी दिसतात, त्यांच्या चुका कशा दिसणार?

आयुष्यभर छापखान्यात प्रुफं तपासली. बरोबर शब्दावर माझी नजर थांबतच नाही, चुकलेला मात्र कुसळासारखा खुपतो. माणसांचंही तेच झालंय. या जिन्यातली माणसं मी ओळखते ती त्यांच्या चुकांवरून.

माझ्या बरोब्बर खाली पिपाणीवाली. पोरगी बँडमध्ये ट्रम्पेट वाजवते. समुद्रकाठच्या कुठल्याशा गावची, तिच्या घरात म्हणे सगळे ओरडूनच बोलतात — वाऱ्यामुळे. रोज एकच धून, रोज त्याच ठिकाणी चूक. मी झाडूच्या दांड्याने फरशीवर ठोकते. ती थांबते, पुन्हा वाजवते, पुन्हा चुकते. एवढाच आमचा परिचय.

समोरच्या दारात नर्सबाई. कायम रात्रपाळी. दिवसा झोपते, म्हणजे झोपायला बघते, पण पिपाणी झोपू देईल तर ना! जिन्यात भेटली की भलीमोठी जांभई. तोंडावर हात ठेवावा, हे तिला मी दोनदा सांगितलंय.

वरच्या मजल्यावर ब्रेकवाले. जन्मभर लोकांना गाडी शिकवली. स्वतः निवृत्त झाले तरी उजवा पाय झालेला नाही. कुणी जिन्यातून भरभर उतरलं की यांचा पाय आपोआप दाबला जातो! बूट मात्र दाराबाहेर, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात. माणूस ताठ. दुसऱ्याच्या घरच्या भांड्यातून पाणीसुद्धा पीत नाहीत — घराण्याचा नेम म्हणे, पिढ्यान्‌पिढ्यांचा.

आणि तळमजल्यावर किल्लीवाले. कुलपं-किल्ल्यांचं दुकान आहे. सीमेपलीकडून आलेत, नवरा-बायको. बायकोला आपल्या भाषेतला एकच शब्द येतो — "बरं". यांना सगळी भाषा येते, पण शिकलेत रेडिओच्या बातम्यांवरून! परवा सहज विचारलं, पाणी आलं का हो? तर म्हणाले, "पाणीपुरवठा विस्कळीत. नागरिकांची गैरसोय." विनोद नव्हता तो. चेहरा गंभीर.

त्यांच्यासाठी मी माझं वाचून झालेलं वर्तमानपत्र दाराखालून सरकवते. चुका लाल शाईने दुरुस्त करून. शिकायचंच आहे तर शुद्ध शिकावं माणसाने.

यांतले चार जण माझ्यासाठी दार ठोठावतील? मी ठोठावलं तर आतून कडी घालतील, एवढं नक्की.

६ नोव्हेंबर, बुधवार

उपाय सापडला. साधा आहे. माणसं एकदा समोरासमोर बसून बोलली की ओळखीची होतात. बोलवायचं, चहा पाजायचा, महिनाअखेरीला चार जणांना चिरंजीवांपुढे उभं करायचं. मग ज्याने त्याने आपापल्या दाराआड जावं. मला गोतावळा नकोय, साक्षीदार हवेत.

कागदावर काय लिहावं यात सगळी सकाळ गेली. 'स्नेहसंमेलन' — शाळेतलं वाटतं. 'संवाद' — पुढाऱ्यांचा. 'गप्पा' — रिकामटेकड्यांच्या. शेवटी साधं, शुद्ध, निर्दोष लिहिलं:

सर्व शेजाऱ्यांसाठी. शुक्रवारी सायंकाळी सहा वाजता माझ्या घरी बोलणे व चहा.

जाड पेनाने लिहिलं, लांबून दिसावं म्हणून. पेन जरा पाझरत होतं. चष्मा सापडेना, पण स्वतःचं अक्षर वाचायला मला चष्मा कशाला? जिन्यात लावून आले.

७ नोव्हेंबर, गुरुवार

कमाल आहे! एका कागदाने केवढा फरक!

ब्रेकवाल्यांचे बूट बाहेर नाहीत. पिपाणी सकाळपासून गप्प. नर्सबाईने मला बघताच तोंडावर हात ठेवला — जांभई आलेली नसतानाही! माणसाला नुसतं प्रेमाने बोलवावं, तो आपोआप सुधारतो. हे मला आजवर का सुचलं नाही?

चिरंजीवांना सांगितलं. "बघू," म्हणाला. मागे टीव्ही मोठ्याने चालू. सूनबाई म्हणे झोपलीये. आठ वाजता! कोंबडी आहे का ती? माझ्याशी बोलायचं नसेल. नसो.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

आजचं लिहायचं कसं? हसून की लाजून, ते ठरवता येत नाही.

सहाच्या आधीच किल्लीवाले सोडून सगळे हजर! मला वाटलं, जिंकले. पण नीट कुणी बसेचना. पिपाणीवाली खुर्चीच्या टोकावर, मुख्याध्यापकांनी बोलावून घेतल्यासारखी. ब्रेकवाले दाराशी उभे, हातात घरून आणलेला स्वतःचा कप. एकटी नर्सबाई खुशीत — कोचावर पाय घेऊन ऐसपैस बसलेली, नाटकाला यावं तशी.

मी म्हटलं, "बरं झालं सगळे आलात. आता सुरुवात करू या."

एवढ्यावरच पिपाणीवाली फुटली. "काकू, मला माहितीये मी चुकते! पण तो सूर खरंच अवघड आहे हो. आणि भिंतीला गादी लावलीये मी, तरी आवाज जातो त्याला मी काय करू?"

"अगं, मी अजून काही बोललेच नाही!"

"मग माझ्यापासून सुरू करा," ब्रेकवाले म्हणाले. "बूट मी आत घेतलेत. तरी कुणाला काही बोलायचं असेल तर तोंडावर बोलावं. जिन्यात कागद लावायची काही गरज नव्हती."

"अहो, चहाला बोलावलंय मी तुम्हाला!"

"चहा नंतर. आधी बोलणी होऊन जाऊ देत."

तेवढ्यात किल्लीवाले आले. कोट! टाय! मागे बायको, तीही नटूनथटून. त्यांनी एकेकाशी हस्तांदोलन केलं, टेबलाच्या टोकाला जाऊन बसले, घसा साफ केला. "उभय पक्षांमधील बोलण्यांना आज प्रारंभ होत आहे. चर्चा सौहार्दपूर्ण वातावरणात पार पडेल, अशी आशा."

"बरं," बायको म्हणाली.

कसली बोलणी? कुठली बोलणी? नर्सबाईने खिदळत मोबाइल पुढे केला. माझ्या कागदाचा फोटो काढून तिने दवाखान्यातल्या सगळ्या मैत्रिणींना दाखवला होता. चष्मा लावला. बघते तर काय — पेन पाझरलं होतं. 'बोलणे'च्या मात्रेचा ओघळ खाली उतरून वेलांटी होऊन ऐटीत उभा! सर्व शेजाऱ्यांसाठी बोलणी व चहा!

म्हणजे मी सगळ्या जिन्याला घरी बोलावून झापणार, आणि वरून चहा पाजणार! बूट आत गेले ते त्यासाठी. पिपाणी गप्प झाली ती त्यासाठी. माझ्या प्रेमाने कुणी सुधारलं नव्हतं, धसक्याने सुधारलं होतं. आणि बिचाऱ्या किल्लीवाल्यांना तो शब्द ठाऊक होता फक्त बातम्यांतला. दोन देशांची चालतात ती बोलणी. म्हणून टाय.

दुसऱ्यांच्या काना-मात्रा काढण्यात जन्म गेला, आणि माझ्याच मात्रेने भर जिन्यात शोभा केली! मी कबूल केलं. सरळ सांगितलं, पेन पाझरलं हो. आधी कोण हसलं? किल्लीवाल्यांची बायको. तिला यातलं अक्षरही कळलेलं नव्हतं, माझा चेहरा बघून हसली. मग सगळेच. ब्रेकवाल्यांनी हसू दाबायला पाय दाबला, पण थांबलं नाही.

एक नर्सबाई तेवढी हिरमुसली. "म्हणजे हिला बोलणी बसणारच नाहीत? मी झोप सोडून आले!"

"तुम्ही माझी बोलणी ऐकायला आलात?" पिपाणीवाली उसळली. आणि जुंपली दोघींची. दिवसाची झोप, रियाज, पोट, कान — सगळं निघालं. इतकी वर्षं एकाच जिन्यात राहतायत आणि आज पहिल्यांदा एकमेकींशी बोलल्या. ओरडून बोलल्या, पण बोलल्या.

चहा संपेस्तोवर थांबले सगळे. ब्रेकवाले स्वतःच्या कपातून प्यायले. जाताना मी माणसं मोजली. पाच! पण दार ठोठावतील का? आज तरी फक्त एकमेकींची डोकी ठोठावतील असं दिसलं.

९ नोव्हेंबर, शनिवार

लाल पेन घेऊन कागद दुरुस्त करायला उतरले. वेलांटी खोडणार तोच नर्सबाई पाळीवरून परत आली. म्हणाली, "मावशी, खोडू नका. 'बोलणे' म्हटलं तर कोण फिरकणार? वेळ आहे कुणाला? बोलणी म्हटल्यावर माणूस धावत येतं. आपल्याला बसतील म्हणून नाही, दुसऱ्याला बसताना बघायला."

आणि जांभई दिली. हात न ठेवता. मी डोळे वटारले. ती हसत वर निघून गेली.

चूक असलेला कागद जिन्यात ठेवून वर आले. जन्मात पहिल्यांदा. हात शिवशिवतोय.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

बूट पुन्हा बाहेर. पिपाणी पुन्हा सुरू, पुन्हा त्याच ठिकाणी चूक. मी झाडू वाजवला. बोलण्यांचा गुण चार दिवसही टिकला नाही!

ब्रेकवाल्यांना बुटांवरून चांगलं सुनावलं. ऐकून घेतलं आणि वर विचारतात, "शुक्रवारी आहे ना?"

१३ नोव्हेंबर, बुधवार

वर्तमानपत्र सरकवायला गेले तर किल्लीवाल्यांचं दार उघडलं. "सुधारित आवृत्ती प्राप्त," म्हणाले, आणि आत बोलावलं. भिंतीवर ओळीने खिळे, खिळ्यांवर किल्ल्या. एका खिळ्याला माझी जुनी वर्तमानपत्रं अडकवलेली, सगळी. लाल शाई वर येईल अशी घडी घालून.

बायकोने पाण्याचा पेला दिला. मी म्हटलं, छान आहे घर. ती म्हणाली, "बरं!"

चिरंजीवांना सांगितलं, एक नाव नक्की झालं. "आणि तीन," म्हणाला. सूनबाई ऑफिसातून यायचीये म्हणे.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

बोलण्यांची दुसरी फेरी. हे नाव मी नाही दिलं, किल्लीवाल्यांनी दिलं.

आज त्यांनी सूत्रं हाती घेतली. नर्सबाईला एका बाजूला बसवलं, पिपाणीवालीला दुसऱ्या. मध्ये स्वतः. "दोन्ही पक्षांनी संयम राखावा." आणि राखला की त्यांनी! शेवटी ठरलं असं — नर्सबाई झोपली की दाराच्या कडीला मोजा अडकवणार. मोजा असेपर्यंत पिपाणीच्या तोंडात टॉवेल. मोजा निघाला की मोकळीक. रोज वर येऊन मोजा बघायचा म्हणजे जिना चढणं आलं, त्यावर पिपाणीवाली कुरकुरली. मी म्हटलं, चढ की. तुझ्या वयात मी छापखान्यात अक्षरं जुळवणाऱ्या कंपोझिटरच्या मागे दिवसभर जिने चढायचे.

मग नुसत्याच गप्पा. पिपाणीवाली तिच्या भावाच्या मोटारसायकलवर घाट उतरण्याची गोष्ट सांगत होती. गाडीचा ब्रेक लागेना, पुढे वळण, खाली दरी — आणि इकडे ब्रेकवाल्यांचा पाय! इतका जोरात दाबला की हातातला कप उडाला आणि फरशीवर शंभर तुकडे.

घराण्याचा नेम जमिनीवर पडलेला. मी गुपचूप माझ्या कपात चहा ओतला आणि त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी कपाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग उचलला आणि प्यायले.

"साखर जास्त आहे," म्हणाले.

"घरी नेम मोडल्याचं सांगू नका," नर्सबाई म्हणाली.

"घरी आहे कोण सांगायला?" ते म्हणाले. आणि पुढे केला कप. अजून हवा होता.

किल्लीवाल्यांना विचारलं, रेडिओवरूनच का शिकलात हो भाषा? त्यांनी कप खाली ठेवला. मग बातम्यांच्या आवाजात नाही, साध्या आवाजात म्हणाले, "पहिलं वर्ष. इथे माझ्याशी फक्त रेडिओ बोलत होता."

मी तेव्हाही इथेच राहत होते. त्यांच्या दारावरून रोज जात होते. मला फार वाईट वाटलं. उठून चहा करायला गेले, दुसरं काय करणार?

चहा गाळत होते तर फोन वाजला. चिरंजीव, आज वेळेच्या आधीच. किल्लीवाल्यांनी उचलला. त्यांचा आवाज स्वयंपाकघरात स्वच्छ ऐकू येत होता: "नमस्कार. आपल्या मातोश्रींच्या निवासस्थानी बोलणी सुरू आहेत. होय, बोलणी. दुसरी फेरी... वातावरण अत्यंत अनुकूल. वरच्या मजल्यावरील ज्येष्ठ गृहस्थांनी आज प्रथमच मातोश्रींच्या कपातून चहा घेतला... होय, वर्षानुवर्षांचा नेम मोडून. अंतिम घोषणा लवकरच." मग म्हणाले, "संपर्क तुटला."

लाइन गेली असेल.

१६ नोव्हेंबर, शनिवार

आठ वाजून गेले. फोन नाही. त्याच्या टीव्हीचा आवाज ऐकायची सवय झालीये की काय मला?

१७ नोव्हेंबर, रविवार

काय दिवस! कुठून सुरू करू?

सकाळी वर्तमानपत्र तपासत बसले होते. अग्रलेखातच दोन चुका. जिन्यात आरडाओरडा सुरू झाला. आवाज ओळखीचा. चिरंजीव! रात्रभर गाडी चालवून आलेला, दाढीचे खुंट वाढलेले, एकेक दार वाजवत वर चढतोय — "माझ्या आईची बोलणी कुणाशी चाललीयेत? कोण आहे तो?"

नर्सबाईच्या कडीला मोजा होता. या गाढवाने तिचंही दार बडवलं!

सगळा जिना गोळा झाला. किल्लीवाले गालाला साबण लावलेल्या अवस्थेत. मागे बायको. पिपाणीवालीच्या हातात पिपाणी, पिपाणीत टॉवेल. नर्सबाई उशी घेऊन बाहेर आली, ती मारण्यासाठीच. आणि वरून सावकाश, एकेक पायरी उतरत ब्रेकवाले.

"वरच्या मजल्यावरचे ते ज्येष्ठ गृहस्थ कोण?" चिरंजीवांनी विचारलं.

"मी."

"तुम्ही माझ्या आईच्या कपातून चहा प्यायलात?"

"प्यायलो. साखर जास्त होती."

"आणि तुमचं काय ठरलंय, ते मला कळेल का? मुलगा आहे मी तिचा!"

"मोज्यावर एकमत झालं आहे," किल्लीवाले म्हणाले.

"मोजा? कसला मोजा?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बोलणी! आणखी एक अर्थ राहिलाच होता! माझा पोटचा गोळा रात्रभर गाडी हाणत आला होता, कारण त्याला वाटलं आईच्या लग्नाची बोलणी चालू आहेत!

"अरे गाढवा!" एवढंच तोंडातून निघालं. पिपाणीवालीला कळलं, ती पायरीवर बसून पोट धरून हसायला लागली. नर्सबाईला कळलं, तिने उशीत तोंड खुपसलं. सगळ्यांत शेवटी ब्रेकवाल्यांना कळलं. पाय असा दाबला की पायरी खचते की काय! "मी निवृत्त आहे," ते म्हणाले. का म्हणाले, देव जाणे.

चिरंजीव लाजेने लाल. पण माझाच मुलगा, हार कसली मानतोय! म्हणाला, "ठीक आहे. सगळे आहातच, तर आत्ताच सांगा. माझी आई दोन दिवस दिसली नाही, तर तुम्हाला कळेल?"

महिनाअखेरीला अजून अवकाश होता! काही शिकवून ठेवलं नव्हतं यांना. आता कुणी काही भलतंच बोललं की माझी रवानगी अकराव्या मजल्यावर.

पिपाणीवाली डोळे पुसत म्हणाली, "दोन दिवस कशाला? मी रोज त्याच ठिकाणी चुकते, लगेच वरून झाडू वाजतो. एक दिवस नाही वाजला, तर पळत वर येईन." मग हळूच माझ्याकडे बघून, "काकू, रागावू नका. तो सूर मला कधीच जमलाय. मी मुद्दाम चुकते. तुम्ही आहात ना, ते बघायला."

मुद्दाम! आणि मी कान फुटेस्तोवर सहन करतेय!

"जांभई दिली की मावशी डोळे वटारतात," नर्सबाई म्हणाली. "तेव्हा मला घरी आल्यासारखं वाटतं. नाही वटारले, तर नाडी बघायला आतच शिरेन."

ब्रेकवाले म्हणाले, "बूट आत घेतले की बाई बोलायच्या बंद होतात. म्हणून मी ते पुन्हा बाहेर काढले. दिवसभरात मला हाक मारणारं दुसरं आहे कोण?"

किल्लीवाल्यांनी साबण पुसला. "लाल शाईचे वर्तमानपत्र दुपारपर्यंत न आल्यास परिस्थिती चिंताजनक. घटनास्थळी तातडीने धाव. कुलपाचा अडथळा मला नाही."

"थोडक्यात काय," नर्सबाई चिरंजीवांना म्हणाली, "आम्ही सगळे तुमच्या आईची बोलणी खाऊनच दिवस काढतो. एक दिवस मिळाली नाहीत, तर दार तोडू. झालं समाधान? आता मी झोपू?"

मी रडले. लिहायला लाज कसली, हे पान दुसरं कोण वाचणार आहे? भर जिन्यात, सगळ्यांसमोर रडले. मला वाटायचं, हे लोक मला टाळतात. यांनी तर माझ्या चुका काढण्यालाच दाराची घंटा करून टाकलं होतं.

"पास," चिरंजीव म्हणाला.

तेवढ्यात किल्लीवाल्यांची बायको पुढे झाली. त्याचा चेहरा नीट बघितला, दंडाला हात लावला आणि म्हणाली, "जेवला?"

तिचा दुसरा शब्द! किल्लीवालेसुद्धा बघत राहिले. आणि चिरंजीवांचे डोळे भरून आले. एवढ्याशा 'जेवला?'ला! प्रवासाचा शीण, दुसरं काय.

१८ नोव्हेंबर, सोमवार

गेला. हरल्यामुळे तोंड उतरलेलं होतं. असू दे, एकदा तरी आईपुढे हरावं मुलाने.

निघताना चेष्टेत म्हटलं, "माझे पाच झाले. आता तुझे चार सांग बघू. अकराव्या मजल्यावरचे." तो हसला आणि कप विसळायला गेला. दोनच कप होते. नळ बराच वेळ चालू होता.

सूनबाईसाठी लाडू देते म्हटलं, तर नको म्हणाला. ती गोड खात नाही म्हणे. कधीपासून?

१९ नोव्हेंबर, मंगळवार

आठ वाजता फोन आला. मागे टीव्ही नव्हता. "आई, एकसुद्धा नाही," म्हणाला. एकसुद्धा काय, ते कळायला मला वेळ लागला.

सूनबाई जूनमध्येच घर सोडून गेली. अंघोळ, ऑफिस, झोप — सगळं खोटं. "तुला कुणी नाही म्हणून आणणार नव्हतो गं. मला कुणी नाही म्हणून." रोज आठला तो माझी चौकशी करत नव्हता. आणि मी इतके महिने त्याच्या बोलण्यातलं एक अक्षर तपासलं नाही!

पिशवी भरली. उद्या सकाळी निघते. परत कधी, ते तिथे गेल्यावर बघू. शुक्रवार किल्लीवाले सांभाळतील. झाडू पिपाणीवालीकडे दिलाय.

जिन्यातला कागद काढून घेतला. त्याच्या मजल्यावर लावायचा. लाल पेन बरोबर आहे, पण वेलांटी तशीच ठेवलीये.